शा. शि.चा तास कुणाचा?

शाळेच्या वेळापत्रकात एक चौकोन असतो, ‘शा. शि.’, म्हणजे शारीरिक शिक्षण, असं लिहिलेला. तो कधी येतो हे मुलांना पाठ असतं आणि कधी हातचा जाईल याचाही त्यांना बरोबर अंदाज असतो. सहामाही जवळ आली की गणिताच्या बाई दारात येऊन सांगतात, “पोर्शन राहिलाय, आज खाली जायचं नाही.” मुलं दोन मिनिटं कुरकुरतात आणि वह्या काढतात. भूगोलाचा तास असा कुणी मागून नेल्याचं फारसं ऐकिवात नाही. मागून नेतात ते चित्रकलेचा आणि शरीराचा. ते गेल्यानं कुणाचं काही अडत नाही, अशी आपली सगळ्यांची समजूत आहे.

यावर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यापुढचं विचारायचं आहे. समजा, तास मिळाला आणि मुलं मैदानावर उतरली. मग काय होतं?

साठ मुलांचा वर्ग, एक बॅट, एक बॉल आणि पस्तीस मिनिटं. जिना उतरून, रांग लावून, हजेरी होईपर्यंत त्यातली सात-आठ गेलेली. दोन कॅप्टन पुढे येतात, तेही ठरलेलेच. ते एकेक भिडू उचलतात. आधी चांगले बॅट्समन जातात, मग बॉलर, मग कॅप्टनचे दोस्त. शेवटी चार-पाच जण उरतात: एक जाडा, एक अगदीच बारका, एक जाड भिंगाचा चष्मा लावणारा, एक वडिलांच्या बदलीमुळे यंदाच शाळेत आलेला. त्यांना “हा तू घे, हा मी घेतो” करत वाटून टाकतात. जाड्याला कंपाउंडच्या भिंतीजवळ उभं करतात. त्याच्याकडे बॉल दोनदा येतो, एकदा हातून सुटतो आणि सगळं मैदान त्याच्यावर ओरडतं. मुली निंबाखाली गप्पा मारत बसलेल्या असतात. घंटा होते. ज्या मुलांना पळण्याची सर्वांत जास्त गरज होती, ती तासभर उभी राहिली. संध्याकाळी क्लबात जाऊन जी दोन तास पळणारच होती, ती इथेही पळून घेतात.

याच शाळेत गणितात कच्च्या मुलासाठी जादा तास असतो. बाई त्याला फळ्यापाशी बोलावतात, घरी चिठ्ठी पाठवतात. वर्गातल्या हुशार पाच जणांनाच गणित शिकवायचं आणि बाकीच्यांनी त्यांच्या वह्या सांभाळायच्या, असं कुणी ठरवलं तर पालक शाळेवर मोर्चा नेतील. मैदानावर मात्र नेमकं हेच चालतं. खेळात कच्च्या मुलाकडे पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळायला देतात आणि ते कुणाला खटकत नाही. खेळात कच्चं असणं हे आपण मुलाचं नशीब मानतो. गणितातलं कच्चेपण मात्र सुधारता येतं यावर आपला ठाम विश्वास असतो.

शरीराचं शास्त्र याच्या नेमकं उलट सांगतं. सवयीपेक्षा थोडा जास्त भार पडला की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. कसरत चालू असताना स्नायू थकतात, बळकट होतात ते नंतरच्या विश्रांतीत आणि झोपेत. म्हणून भार बेताबेतानं वाढवायचा, मध्ये उसंत द्यायची आणि खंड पडू द्यायचा नाही. तालमीतले वस्ताद हे फार पूर्वीपासून जाणतात. नव्या पोराला ते पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारू देत नाहीत. याच शास्त्राचा आणखी एक नियम शाळांनी लक्षात घ्यायला हवा. ज्यानं आजवर काहीच केलेलं नाही, त्याची प्रगती सर्वांत झपाट्यानं होते. राज्य पातळीवरच्या धावपटूला अर्धा सेकंद कमी करायला महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो. दोन जिने चढून धापा टाकणारं मूल काही आठवड्यांच्या नियमित पळण्या-चालण्यानं तेच जिने बोलत बोलत चढू लागतं. पळण्या-उड्या मारण्यानं हाडं भरतात तीही याच वाढीच्या वयात, आणि ही संधी पुढे पुन्हा तशी मिळत नाही. निव्वळ हिशेब मांडला, तरी त्या पस्तीस मिनिटांचं मोल सर्वांत जास्त आहे ते भिंतीजवळ उभ्या असलेल्या जाड्याच्या बाबतीत.

आठवी-नववीचा कोणताही वर्ग बघा. कुणाला मिसरूड फुटलंय, तर कुणी अजून पाचवीतला वाटतो. जन्मतारखा दोन-चार महिन्यांच्या अंतरानं असल्या, तरी शरीरांच्या वयांत दोन-तीन वर्षांचा फरक सहज असतो. ज्याची वाढ लवकर झाली तो ‘खेळाडू’ ठरतो, ज्याची उशिरा होणार तो ‘याला जमत नाही’ म्हणून बाद होतो. बाराव्या-तेराव्या वर्षी हा निकाल लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

गल्लीतली पोरं या बाबतीत शाळेपेक्षा शहाणी होती. धाकट्या भावंडाला सोबत घेतल्याशिवाय मोठीला खेळायला सोडत नसत, तेव्हा ते भावंड ‘कच्चं लिंबू’ व्हायचं. त्यानं पळायचं, लपायचं, पकडायचं, सगळं करायचं. फक्त त्याला आउट केलं तरी ते आउट नाही. गंमत म्हणजे ही सवलत कायमची नसे. एक दिवस ते पोर स्वतःच पाय आपटून सांगायचं, “मी आता कच्चं लिंबू नाही.” त्या दिवसापासून त्याच्यावर राज्य यायचं. भिडू वाटून घेण्याची तऱ्हाही अशीच. साधारण सारख्या ताकदीचे दोघं गळ्यात हात टाकून बाजूला जायचे, गुपचूप नावं ठरवायचे आणि येऊन विचारायचे, “सोनं हवं की चांदी?” कॅप्टननं नाव मागायचं, माणूस नाही. त्यामुळे दोन्ही बाजू तुल्यबळ व्हायच्या आणि शेवटी उरण्याची नामुष्की कुणावरच यायची नाही. ही न्यायबुद्धी त्या पोरांना कुठल्याही परिपत्रकानं शिकवली नव्हती. मोठी माणसं शिट्टी घेऊन आली आणि हे सगळं मोडीत निघालं.

‘याला जमणार नाही’ असं डॉक्टरांनीच ठरवून टाकलेल्या माणसांची एक गोष्ट आहे. नाझी राजवटीतून १९३९ साली निसटलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग १९४४ मध्ये सुरू केला. अशा रुग्णांनी अंथरुणातच उरलेले दिवस काढायचे, असा त्या काळचा शिरस्ता होता. गुटमन यांनी त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवशी त्यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पुढे यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं. आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर हे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडलबर्गला ५० मीटर जलतरणात भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पदकाचं कौतुक आहेच. मला मोठा वाटतो तो त्या आधीचा क्षण, अशा माणसाला कुणीतरी पाण्यात उतरू दिलं तो.

यावर कुणी म्हणेल, मग निवड करायचीच नाही का? खेळ म्हटला की हार-जीत आलीच. जरूर करा. शाळेचा संघ निवडा, त्याला पहाटे बोलावून घाम काढा, जिल्ह्याला न्या, जिंकून आलात की आमच्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर फोटो छापून आणा. पण संघ वेगळा आणि तास वेगळा. संघ चांगल्यांचा असतो. तास सगळ्यांचा असतो आणि त्यातही कच्च्यांचा अंमळ जास्त.

तो तसा चालवायला पैसा लागत नाही. लंगडीला काय लागतं? फक्त आखायला फक्की. खो-खोत आठ जण चौकोनात बसलेले असतात आणि पाठलाग करणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येत नाही की मागे वळता येत नाही. त्यामुळे त्याला खो द्यावाच लागतो आणि बसलेल्यांना कान टवकारून बसावं लागतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे. त्यांचे फोटो शाळांच्या फलकांवर लागले. खाली मैदानात मात्र तीच एक बॅट आणि तोच एक बॉल.

दोष एकट्या पी.टी.च्या सरांचा नाही. अख्ख्या शाळेला एक सर, त्यांच्याच गळ्यात शिस्त, कवायत, प्रभातफेरी आणि वरून निवडणुकीचं काम. तरी एक गोष्ट त्यांना हात जोडून सांगावीशी वाटते: उशिरा आलेल्याला मैदानाच्या फेऱ्या आणि गृहपाठ न केलेल्याला उठाबशा, हे बंद करा. पळणं ही शिक्षा आहे हे एकदा मनावर कोरलं गेलं, की मोठेपणी डॉक्टरांनी “रोज चाला” म्हटलं तरी पाय उचलत नाहीत.

आणि निंबाखालच्या मुली. सातवीनंतर त्या तिथे का जाऊन बसतात, हे कुणी विचारतच नाही. गणवेशाचा स्कर्ट, पाळीच्या दिवसांत नसलेली सोय, मैदानाभोवती रेंगाळणारी मुलं, घरची “आता मोठी झालीस” ही ताकीद, अशी कारणं असतात. भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, असा निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला होता. बायकांचं प्रमाण त्यात पुरुषांपेक्षा जास्त होतं. पाच ते सतरा वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर दमसास लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपण आठवड्याला दोन तासिका देतो आणि त्यातली एक गणिताला जाते.

शिक्षणहक्क कायद्यानं शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य बंधनकारक केलं आहे, तेव्हा हे मागणं म्हणजे शाळेकडे मेहेरबानी मागणं नव्हे. पुढच्या पालकसभेत गुणांची चर्चा संपली की हात वर करा आणि दोनच प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात शा. शि.चे किती तास प्रत्यक्ष झाले? आणि त्या तासांना माझं मूल किती मिनिटं पळत होतं? तुमचं मूल खेळात पुढे असेल, तर दुसरा प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मुलासाठी विचारा.