मळ आणि झीज

जुन्या स्कूटरी व मोटारसायकली घरच्या घरी उघडून पुन्हा उभ्या करणाऱ्यांमध्ये एक विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला भासत नाही: कार्बोरेटर साफ केला की गाडी पहिल्यासारखी चालते. या विधानामागे दोन गृहीतके आहेत. बिघाड बाहेरून येतो आणि म्हणून तो काढून टाकता येतो, हे पहिले. आणि गाडीची ‘पहिली’ अवस्था आत कुठेतरी शाबूत असून वरचा थर निघताच ती आपोआप प्रकट होते, हे दुसरे. दोन्ही गृहीतके अर्धी खरी आहेत, आणि म्हणूनच ती संपूर्ण खोट्या समजुतींपेक्षा अधिक उपद्रवी ठरतात.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो, हे बर्नुली आणि व्हेंच्युरी यांच्या नावाने शाळेतच शिकवले जात असल्याने त्याचा विस्तार येथे नको. घटलेल्या दाबामुळे फ्लोट चेंबरमधून, म्हणजे तरंगत्या फ्लोटच्या साहाय्याने पेट्रोलची पातळी कायम राखणाऱ्या लहानशा कुंडातून, पेट्रोल वर ओढले जाते आणि ते किती ओढले जावे हे पितळेच्या जेटमधील छिद्र ठरवते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. जेट हा दिसायला एक सुटा भाग असला तरी कार्याने तो माप आहे. दुकानदाराच्या मापट्याचा तळ ठोकून खोल केला तर पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा हिशेब चुकावा, तसे छिद्र किंचित बदलले तरी इंजिनाचा पुढचा प्रत्येक घोट चुकतो. अनेक जेटांवर कोरलेला आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो, म्हणजे १०० क्रमांकाच्या जेटचे छिद्र १ मिलिमीटरचे असते; ते १.०५ मिलिमीटर झाले तर क्षेत्रफळ सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि हा फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही.

या संदर्भात मळ आणि झीज यांत भेद करणे आवश्यक आहे. मळ ही वस्तूवर पडलेली भर होय आणि झीज ही वस्तूतून झालेली वजाबाकी. स्वच्छता पहिलीवरच चालते, दुसरीपुढे ती निरुपयोगी असते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात, उरलेल्यांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन आधी चिकट आणि पुढे कडक, तपकिरी थर जमतो. बजाज चेतकच्या जुन्या, दोन-स्ट्रोक पिढीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जात असल्यामुळे पेट्रोल उडाले तरी ऑइल तळाशी राहते, आणि त्यामुळे जेट अर्धवट तुंबला तर पेट्रोलबरोबर इंजिनाला मिळणारे वंगणही घटते. हा निखळ मळ होय. याउलट बुलेटच्या मिक्कार्बसारख्या स्लाइडच्या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलबरोबर वरखाली होणारी सुई ज्या छिद्रात हलते ते छिद्र वर्षानुवर्षांच्या घर्षणाने लंबगोल होते, पाव ते अर्ध्या थ्रॉटलवर पेट्रोल जास्त जाऊ लागते, प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज घटते. असा कार्बोरेटर कितीदाही धुतला तरी तो स्वच्छ आणि झिजलेलाच राहतो.

परंतु हा भेद दिसतो तितका सरळ नाही. कार्बोरेटरचे अंग जस्त किंवा ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूचे ओतीव असते आणि त्याला पाणी लागले की त्यावर पांढरी भुकटी येते. ती दिसते मळासारखी, पण वस्तुतः तो त्या अंगाचाच क्षरण पावलेला धातू असतो, म्हणून ती खरवडणारा माणूस मळ काढत असतानाच झीज उघडी पाडत असतो. तांब्यापितळेची भांडी चिंचेने उजळवणाऱ्या घरांत कार्बोरेटरलाही चिंच किंवा लिंबू लावण्याचा मोह होतो. पितळी जेट त्याने चकाकतो खरा, परंतु जस्त व ॲल्युमिनियम आम्लात विरघळतात. कॉस्टिक सोडा आम्लाच्या अगदी उलट गुणाचा असूनही या दोन धातूंना तोही खातो. सोनारांच्या दुकानांत दागिने धुण्यासाठी असलेले अल्ट्रासॉनिक यंत्र, ज्यात ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात आणि त्या धक्क्याने घाण सुटते, ते या कामी अधिक सौम्य आहे, पण तेही अमर्याद वेळ चालवले तर मऊ धातूवर खड्डे पाडते. सर्वांत वाईट साधन मात्र सर्वांत प्रचलित आहे, आणि ते म्हणजे तार. पोलादी तार पितळेपेक्षा कठीण असल्यामुळे जेटमध्ये ती फिरवणे म्हणजे मापाला कानस लावणे होय. शिवाय कार्बोरेटरमधील कित्येक वाटा कारखान्यात बाहेरून ड्रिल करून नंतर त्यांची तोंडे बुजवलेली असतात, त्यांच्या वळणांपर्यंत तार पोहोचतच नाही; तिथे द्रावण आणि कॉम्प्रेसरची हवाच जाते.

या सर्व खटाटोपाला विरोध करणारा एक पक्ष आहे आणि त्याचे म्हणणे थोडक्यात ‘नवा टाका’ असे आहे. वेळेची किंमत धरली तर जुना कार्बोरेटर धुणे परवडत नाही, हा त्याचा आवडता मुद्दा. त्याला उत्तर देण्याचेही कारण नाही, कारण वेळेचा असा हिशेब मांडणाऱ्याने जुनी गाडी उघडायलाच नको होती. बाजारात मिळणाऱ्या पर्यायी कार्बोरेटरांविषयीचा मुद्दा अधिक गंभीर आहे, परंतु तोही एका अज्ञाताच्या जागी दुसरे अज्ञात बसवतो: नव्या कार्बोरेटरमधील जेटचा खरा व्यास, फ्लोटची पातळी, सुईचा निमुळतेपणा यांविषयी मालकाला काहीच ठाऊक नसते, आणि टाकीतला गंज तसाच राहिला तर नवाही थोड्याच दिवसांत तुंबतो. एका बाबतीत मात्र हा पक्ष बरोबर आहे. जेट, फ्लोटची सुई आणि गॅस्केट हे भाग झिजण्यासाठीच घडवलेले असल्याने ते धुऊन परत बसवण्यात निष्ठा नाही, कंजूषपणा आहे.

मळ आणि झीज यांचा हा गुंता केवळ यंत्रांपुरता नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रे वाचवण्यासाठी निजामाच्या सरकारने १९२०च्या दशकाच्या आरंभी इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटू पाहणारे रंगलेप भिंतीला पुन्हा चिकटवले आणि चित्रांवर लाखेचा पारदर्शक थर दिला. पुढे तो थर पिवळा-तपकिरी पडला, त्यावर धूळ बसली आणि चित्रे काळवंडली. नंतरच्या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो अतिशय धीराने उतरवावा लागला. जे काढायचे होते ते काळाने नव्हे, आधीच्या रक्षणकर्त्याने सद्‌हेतूने ठेवलेले होते. जुन्या कार्बोरेटरमध्येही पुष्कळदा असेच आढळते, कारण मध्येच कुणीतरी लावलेल्या सीलंटचे तुकडेच आतल्या वाटा बुजवून बसलेले असतात.

इथपर्यंतच्या विवेचनातून एक नीटनेटका निष्कर्ष निघतो असे वाटेल: मळ काळजीपूर्वक काढावा, झिजलेले भाग मूळ क्रमांकाचेच नवे घालावेत, आणि तारेला हद्दपार करावे. परंतु या निष्कर्षात पेट्रोलचा विचारच झालेला नाही. चेतक १९७२ साली बाजारात आली तेव्हाचे पेट्रोल आज पंपावर मिळत नाही. जून २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये ते २० टक्के झाले. त्यातील एक वाटा उसापासून येतो आणि तो पुरवणाऱ्यांत महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्याही आहेत. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याला हवा कमी लागते: एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच हवेबरोबर सुमारे ८ टक्के अधिक इंधन जावे लागते. आधुनिक फ्युएल इंजेक्शनमध्ये निकासातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असेल तर ती दुरुस्ती आपोआप होते. कार्बोरेटरला असे काही कळत नाही, तो जेटवर कोरलेल्या आकड्याशीच एकनिष्ठ राहतो.

म्हणून मूळ क्रमांकाचा कोरा जेट घालून ‘पहिल्यासारखा’ केलेला कार्बोरेटर आजच्या पेट्रोलवर इंजिनाला जरा उपाशी ठेवतो, आणि हवेने थंड होणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनात असे विरळ मिश्रण दीर्घकाळ राहिले तर पिस्टन तापून जाम होण्याचा धोका वाढतो. कारखान्याने जेट मुळातच किंचित सढळ ठेवलेला असेल तर ही उणीव लपून राहते, इतकेच. यातून एक अनपेक्षित आणि काहीसा अप्रिय निष्कर्ष निघतो, तो असा की तारेने वर्षानुवर्षे ओरबाडलेला जो जेट वर दोषी ठरवला गेला, त्याचे १.०५ मिलिमीटरचे छिद्र आजच्या इंधनाच्या गरजेच्या बरेच जवळ असू शकते. ज्या कारागिराने माप बिघडवले त्यानेच, काय करत आहोत याची कल्पना नसताना, ते नव्या इंधनाला जुळवले. तारेचे यात समर्थन नाही, कारण ती छिद्र किती आणि कोणत्या आकाराने वाढवेल यावर कुणाचाच ताबा नसतो. पण मूळ अवस्थेचा आग्रह मात्र यात टिकत नाही. कार्बोरेटर हे इंधन आणि हवा यांच्यातील संबंधाचे यंत्र आहे, आणि त्या संबंधातील एक बाजू बदलली असताना दुसरीला पन्नास वर्षांपूर्वीच्या ठिकाणी नेऊन ठेवणे ही साफसफाई नव्हे, चूकच आहे. मूळ क्रमांकापेक्षा एक-दोन पायऱ्या मोठा जेट मुद्दाम निवडून, प्लगचा रंग पाहत तो पक्का करणे, हीच आजची योग्य रीत आहे.

इथेनॉल हवेतील ओलावाही शोषून घेते, आणि पाणी पुरेसे साचले की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि फ्लोट चेंबरच्या तळाशी, नेमके मुख्य जेटच्या तोंडाशी बसते. तेव्हा ज्यांच्या घरी अशी गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते त्यांनी ठेवण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपसूक बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, आणि तळाला ड्रेन स्क्रू असेल तर तो सोडून चेंबर रिकामे करावे.