साठवलेले पाहायचे कधी?

दूरचित्रवाणीविषयी बोलण्याची आम्हा धर्मगुरूंची एक ठरावीक रीत आहे. काय पाहावे आणि काय पाहू नये, हे सांगितले की आमचे प्रवचन संपते. या रीतीला आधारही आहे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्काच्या साधनांविषयी जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात पाहणाऱ्याने विवेकपूर्वक निवड करावी असे म्हटलेलेच आहे. परंतु कार्यक्रम घरच्या घरी मुद्रित करण्याचे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आले आणि या प्रश्नाच्या शेजारी दुसरा एक प्रश्न येऊन बसला. काय राखून ठेवावे, कोणासाठी ठेवावे, आणि जे ठेवले ते पाहायचे कधी? वरवर पाहता हा करमणुकीचा प्रश्न वाटतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळातील रविवारच्या सकाळी पुष्कळांना आठवत असतील. साडेनऊला ‘रामायण’ सुरू होई आणि रस्ते ओस पडत. चाळीत एखाददुसराच संच असे. त्याच्यासमोर सारी चाळ दाटीवाटीने बसे आणि उशिरा येणारा दारात उभा राही. जो भाग चुकला तो चुकला. श्रीमंताचा चुके, गरिबाचाही चुके. मग शेजारीण पाणी भरता भरता कथा सांगे आणि ऐकणारीला ती जवळजवळ पाहिल्यासारखीच होई. ज्यांच्याकडे व्हिडिओ यंत्र होते अशी घरे फार थोडी होती. व्हीएचएस पद्धतीची कॅसेट जपानात १९७६ साली बाजारात आली; डीव्हीडीवर मुद्रण करणारे घरगुती यंत्र तिथेच १९९९च्या अखेरीस आले. पुढे काही वर्षांत ते आमच्या भागातील दुकानांतही दिसू लागले.

आमच्या भागात असली वस्तू घ्यायची म्हणजे उल्हासनगर गाठायचे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले. मालावरील ‘यू.एस.ए.’ या अक्षरांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा लावून लोक हसत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या हसण्यात आम्हांस कधी फारशी गोडी वाटली नाही. घरेदारे मागे टाकून ज्यांना नेसत्या वस्त्रांनिशी यावे लागले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी इतरांना आठवणी साठवण्याची यंत्रे विकली, याचा विचार हसणाऱ्यांनी क्वचितच केला असेल.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगून टाकतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय दिला की, प्रक्षेपित कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा गुन्हा नव्हे. आपल्या प्रताधिकार कायद्याचे कलम ३९ देखील स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी केलेल्या मुद्रणाला मुभा देते. त्याच्या प्रती काढून विकणे ही चोरी होय. त्यावर वेगळे चिंतन नको. कायदा जिथे हात झटकतो, तिथूनच आमचा प्रश्न सुरू होतो.

अंबरनाथच्या बुवापाड्यासारखी वस्ती घ्या. हे गाव घड्याळापेक्षा पाळीवर चालत आले. विम्कोचा काडेपेट्यांचा कारखाना आता बंद पडला. आयुध निर्माणी आहे, औद्योगिक वसाहतीतील कंपन्या आहेत. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री घरी येतो तेव्हा मुले झोपलेली असतात. त्याच्यासाठी ताट झाकून ठेवलेले असते. त्याच्या आवडीचा कार्यक्रम संध्याकाळी मुद्रित करून ठेवणे हे तसेच झाकून ठेवलेले ताट नव्हे काय? जो हजर नव्हता त्याची कोणीतरी आठवण ठेवली, एवढाच त्याचा अर्थ. पोप बारावे पायस यांनी १९५८ साली आसिसीच्या संत क्लेअरला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. आजारामुळे नाताळच्या रात्री तिला मंदिरात जाता आले नाही. तेव्हा आपल्या खोलीतूनच तिला तो विधी दिसला, अशी कथा आहे. ही निवड आम्हांस अर्थपूर्ण वाटते. जिला येता आले नाही, तिच्याकडे हे माध्यम सोपवले गेले.

मात्र ताट झाकून ठेवणारी स्त्री नवरा जेवत असताना त्याच्याजवळ बसते, दिवसभराचे बोलते. तबकडी लावून देणारे घर तसे बसते काय? बाकीच्यांनी भाग आधीच पाहिलेला असतो. शेवट कोणीतरी सांगूनही टाकतो. तो माणूस आवाज बारीक करून एकटाच पाहतो. अन्न पोहोचते, पंगत पोहोचत नाही.

आणि गैरहजर कोणीच नसताना केलेले मुद्रण? ते सर्वांत अधिक. एका तबकडीत ४.७ गिगाबाइट मावतात. नेहमीच्या दर्जात दोन तास, दर्जा उतरवला तर सहा तास. सहा तासांच्या सोयीपुढे कोण निवड करतो? दोन कार्यक्रमांपैकी एक सोडण्याचे दुःख नको म्हणून दुसरा साठवला जातो आणि साठवला म्हणजे पाहिला असे समाधान मिळते. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात थ्यूथ नावाचा देव लेखनविद्येचा शोध लावून राजा थामस याच्यापुढे येतो. राजा तिचे कौतुक करीत नाही. माणसे लिहिलेल्यावर विसंबतील आणि स्वतः आठवणे सोडतील, अशी त्याला भीती वाटते. सेमिनरीत हा उतारा आम्ही शिकलो तेव्हा राजा जरा हेकट वाटला होता. कपाटातल्या न पाहिलेल्या तबकड्या पाहिल्यावर त्याचे म्हणणे अधिक समजते.

तरी राजाचा पक्ष पुरता घेता येत नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९६०च्या दशकातील आपले कितीतरी कार्यक्रम फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग त्यात गेले. पण त्या सर्व भागांचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही चाहत्यांनी घरी बसून तो ध्वनिमुद्रित केला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपालबाईंनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१२ साली मृत्यू येईपर्यंत बातम्यांचे अखंड मुद्रण केले. हजारो कॅसेट जमल्या. त्यांचा संग्रह पुढे इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने स्वीकारला आणि आज अभ्यासकांना त्याचे मोल वाटते. परंतु कॅसेट बदलण्याची वेळ झाली म्हणून ते कुटुंब बाहेरून घाईने घरी परतत असे, हेही नमूद आहे. अपरिचित भावी पिढीसाठी त्यांनी ताट झाकून ठेवले. ते करताना जवळची पंगत वारंवार मोडली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांची वजाबाकी करून एक उत्तर काढण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

बुवापाड्यातील एका घरचा तंटा आमच्याकडे आला होता. निवृत्त कामगार असलेल्या वडिलांनी २००६ साली हे यंत्र आणले, ते लेकीच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवून घेण्यासाठी. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात फितीला बुरशी धरते, ही त्यांची चिंता रास्त होती. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी तबकडी त्यांनी वापरली. दोन वर्षांनी त्यांची पत्नी वारली. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना होता. धाकट्या मुलाने हाताला लागलेल्या तबकडीवर भारताची फलंदाजी उतरवली. लग्न पुसले गेले, आणि त्यातली चालती-बोलती आईही.

थोरला त्याच्याशी बोलेना. आमच्यासमोर धाकटा मान खाली घालून म्हणाला, “फादर, चुकलो. पण पाच वर्षांत ती डीव्हीडी कोणी एकदा तरी लावली होती का, विचारा ह्यांना.”

कोणीही उत्तर दिले नाही. वडीलही खिडकीबाहेर पाहत राहिले.

आमचे मत आम्ही तिथेच सांगितले. न विचारता पुसणे हा अन्यायच. ज्यांच्यासाठी ठेवले त्यांत अजून जाणती न झालेली नातवंडेही येतात आणि त्यांच्या वतीने ‘कोणी पाहत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण थोरल्याच्या रागातही एक भाग असा होता, ज्याचा भार धाकट्यावर टाकता येत नव्हता. आई कपाटात सुरक्षित आहे, या भरवशावर सर्वांनीच तिला पाहणे पुढे ढकलले होते. पुसले गेल्यावरच ते ढकलणे उघडे पडले. हे ऐकताना थोरल्याला राग आला, आणि तो येणे स्वाभाविक होते.

सुदैवाने मूळ कॅसेट माळ्यावर होती. बुरशी धरलेली ती फीत एका स्टुडिओवाल्याने पुसूनपासून चालवली. चित्राचा वरचा भाग फाटल्यासारखा येतो. आवाज मात्र स्वच्छ आहे. या वेळी एकदाच लिहिता येणारी तबकडी घेतली. शेवटी ती बंद करण्याची जी क्रिया असते, जिच्यावाचून दुसऱ्याच्या यंत्रावर ती बहुधा लागत नाही, तीही आठवणीने केली. त्या दिवशी सारे घर एकत्र बसले. मांडवातून फिरत आई कॅमेरावाल्याला विचारते, तो जेवला की नाही. तेवढा भाग वडिलांनी तीनदा मागे नेऊन लावायला सांगितला.

पुढे सेट-टॉप बॉक्स आले. मुंबईत ऑक्टोबर २०१२च्या अखेरीस जुने केबल प्रक्षेपण बंद झाले, मग इतरत्र. यंत्राचा स्वतःचा ट्यूनर निरुपयोगी ठरला आणि बॉक्सवर जे लागले असेल तेवढेच उतरवता येऊ लागले. त्या घरातले यंत्रही असेच अडगळीत गेले. तबकडीच्या तीन प्रती आहेत: एक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे, एक लेकीच्या सासरी. त्या दिवसानंतर कोणी लावली की नाही, हे आम्ही अजून विचारलेले नाही.