पिंजऱ्यातील पक्ष्याचे रात्रीचे भय : अभयदान की ऋणफेड?

साधकांच्या घरी हल्ली पाळीव पक्षी बरेच दिसतात. मुलांनी हट्ट केला, कोणी वाढदिवसाला भेट दिली, कोणी परदेशी जाताना सोपवून गेले. त्यामुळे सत्संग संपल्यावर एक प्रश्न अधूनमधून कानावर येतो. आमचा पक्षी मध्यरात्री एकाएकी पिंजऱ्यात धडपडतो, पंख आपटतो, कधी रक्तही येते. त्याला काय होत असेल? त्याच्या शांतीसाठी रात्रभर नामजप लावून ठेवावा का?

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे आणि तो अधिक अवघड आहे. जो जीव भ्यालेला आहे, त्याला या घरात आपणच आणले आहे. मग त्याचे भय घालवणे हे पुण्यकर्म समजायचे, की नुसते देणे फेडणे?

आधी घडते काय ते पाहू. रात्रीच्या या भयाचा त्रास सर्वांत जास्त होतो तो कॉकॅटिल या पक्ष्याला. बाजारात त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. डोक्यावर तुरा, गालावर नारिंगी ठिपका. हा मूळचा ऑस्ट्रेलियातील कोरड्या, मोकळ्या माळरानांचा रहिवासी. तिथे तो थव्याने राहतो, जमिनीवर उतरून गवताचे बी टिपतो. धोक्याची चाहूल लागली की एक उडतो आणि त्याच्याबरोबर सगळा थवा उडतो. खरेच काही आहे का, हे पाहण्यासाठी कोणी थांबत नाही. जे थांबले त्यांचा वंश पुढे चालला नाही, इतका तो हिशेब साधा आहे.

आता तोच पक्षी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, रात्री दोन वाजता. रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीचा झोत भिंतीवरून सरकतो. पिंजऱ्याजवळ पाल टपकन पडते. वीज जाते आणि इन्व्हर्टर खट्कन सुरू होतो. पक्षी दचकून जागा होतो आणि शेकडो पिढ्यांनी शिकवलेले एकमेव उत्तर देतो, उडतो. दिवसा वावरणाऱ्या या पक्ष्याला अंधारात नीट दिसत नाही. वीतभर अंतरावर गज असतात. तो त्यांवर आदळतो, त्या आदळण्यानेच पुन्हा भितो, पुन्हा उडतो. नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या दांडीत रक्त खेळत असते. असे पीस मोडले तर रक्त वाहू लागते आणि एवढ्याशा देहाला ते परवडणारे नसते.

इथे आपल्याला वेदान्तातला रज्जुसर्पाचा दृष्टांत आठवणे स्वाभाविक आहे. अंधारात दोरी साप भासली, दिवा आणला, भय गेले. पक्ष्याचे भयही भ्रमाचेच, असे आपण चटकन म्हणून जातो. पण जरा थांबून पाहिले तर हा दृष्टांत येथे अर्धाच लागू पडतो. साप नव्हता हे खरे. परंतु पक्ष्याने दिलेले उत्तर चुकीचे नव्हते. मोकळ्या आकाशात अशा वेळी उडणे हेच शहाणपण आहे. उगाच उडाले तरी नुकसान काहीच नाही, दहा पंख मारले आणि परत उतरले. त्या शहाणपणाची जखम झाली ती गजांमुळे. गज आपले आहेत. तेव्हा ‘किती भित्रा आहे हा’ असे म्हणताना आपण दोष भलत्याच ठिकाणी टाकत असतो.

दुसरा फरकही मोठा आहे. माणसाला दोरी एकदा दिसली की पुरते. उद्या त्याच वाटेने तो निर्धास्त जातो. पक्ष्याला आपण समजावून सांगू शकत नाही. त्याच्यासाठी दिवा रोज रात्री लावावा लागतो आणि रात्रभर ठेवावा लागतो.

तेव्हा जपाच्या आधी झिरोचा बल्ब. पिंजऱ्यापासून थोडा दूर, मंद, इतकाच की जाग आल्यावर आपली दांडी कुठे आहे आणि गज कुठे आहेत हे त्याला दिसावे. लख्ख उजेड नको, कारण झोपेला अंधारही हवा असतो. वीज जाण्याचा त्रास असेल तिथे बॅटरीवर चालणारा दिवा बरा. पिंजऱ्यावर कापड टाकण्याची सवय असेल तर एक बाजू उघडी ठेवावी; पूर्ण झाकलेल्या पिंजऱ्यात बाहेरचा आवाज तेवढा येतो, त्याचे कारण दिसत नाही, आणि भय वाढवायला एवढे पुरे होते. पिंजरा खिडकीपासून दूर असावा. झुलते खेळणे, घंटी, आरसा रात्रीपुरते काढून ठेवावे.

आणि इतके करूनही तो धडपडलाच, तर? त्या क्षणी आपली पहिली ऊर्मी असते धावत जाऊन त्याला पकडण्याची. हीच ऊर्मी आवरायची असते. भ्यालेल्या पक्ष्याला अंधारातून आलेला हात शिकाऱ्याहून वेगळा वाटत नाही. शिवाय छाती वरखाली झाल्याखेरीज पक्ष्याला श्वास घेता येत नाही. प्रेमाने का होईना, घट्ट धरलेला पक्षी गुदमरू शकतो. सावकाश दिवा लावावा, दोन पावले दूर उभे राहावे आणि रोजच्याच आवाजात, रोजचेच चार शब्द बोलावेत. थव्यातले पक्षी एकमेकांना साद घालून ‘मी इथे आहे’ असे कळवत असतात. आपला ओळखीचा आवाज त्याच्यासाठी तेच काम करतो. तो दांडीवर जाऊन बसला, तुरा खाली आला, की मग रक्त आहे का पाहावे. थोडे असेल तर स्वच्छ कापडाने हलके दाबून धरावे. काही मिनिटांत थांबले नाही तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना गाठावे, सकाळची वाट पाहू नये.

हे वाचायला सोपे, करायला कठीण. कारण मध्यरात्री पंखांचा तो फडफडाट ऐकून आपलेही काळीज धडधडत असते. अभय देणाऱ्याला आधी स्वतःचे भय सांभाळावे लागते, हे प्रवचनात शेकडो वेळा ऐकलेले असते. पण त्याची परीक्षा अशी शंभरेक ग्रॅमच्या जिवासमोर, झोपमोड झालेली असताना होते. आपण घाबऱ्याघुबऱ्या उठलो, घरातल्यांना हाका मारल्या, ट्यूबलाइट लावली, तर पक्ष्याला घाबरायला आणखी तीन कारणे मिळाली.

आता जपाबद्दल. एकसारखा, हलका आवाज, मग तो पंख्याचा असो वा नामाचा, मधूनच येणारे खटकन-धाडकन आवाज काही प्रमाणात झाकतो. तेवढा उपयोग मान्य करावा. पण रात्रभर मोठ्याने यंत्र लावून पक्ष्याला शांती मिळेल अशी समजूत करून घेऊ नये. त्याला 10 ते 12 तासांची शांत झोप लागते. जप आपल्या मनासाठी आहे. स्थिर झालेले आपले मन पक्ष्याच्या कामी येते, ते असे.

याच संदर्भात थोडे न रुचणारे सांगायला हवे. ब्राह्ममुहूर्ताची साधना अनेक घरांत नियमाने चालते. पहाटे चारला दिवा लागतो, घंटा वाजते, काही घरी शंखही. पिंजरा जर देवघराच्याच खोलीत असेल आणि घर रात्री अकराला निजत असेल, तर पक्ष्याच्या वाट्याला झोप आली किती? पाच तास! त्याचा शेवट रोज दचकण्याने. धूप, उदबत्ती आणि कापूर यांचा धूरही पक्ष्यांच्या फुप्फुसांना सोसत नाही. अशा घरात साधना मोडावी असे कोणी म्हणणार नाही. पिंजरा दुसऱ्या खोलीत न्यावा आणि संध्याकाळी सात-आठ वाजता तिथला टीव्ही, दिवा, वर्दळ बंद करावी. दुसरी खोलीच नसेल, तर पहाटेची घंटा मनात वाजवावी. देवाला ती ऐकू येण्यात अडचण नसावी.

संन्यास घेताना ‘सर्व भूतांना माझ्यापासून भय नसो’ असा संकल्प करण्याची आपली परंपरा आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायातील दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते. जैन परंपरेत अभयदान हे श्रेष्ठ दान मानले आहे, आणि दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या जैन मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय त्या विचाराचीच साक्ष आहे. या सगळ्यामुळे आपल्यालाही वाटते की पक्ष्याची रात्र शांत केली म्हणजे आपल्या हातून अभयदान घडले.

इथेच शिबी राजाची कथा नीट आठवावी. ससाण्याच्या भयाने कबूतर राजाच्या आश्रयाला आले. ते आपण होऊन आले होते आणि ससाणा राजाने पाठवलेला नव्हता. म्हणून राजाने स्वतःच्या देहाचे मांस दिले ते दान ठरले. आपल्या पिंजऱ्यातला पक्षी शरण आलेला नाही. त्याला पळून जाता येत नाही, एवढेच. त्याच्या भयाला जागा आपण दिली, सोबतीला थवा ठेवला नाही, आकाश ठेवले नाही. ज्याच्याकडून उसने घेतले त्यालाच थोडे परत करताना कोणी त्याला दान म्हणत नाही. माझ्या मते हे सरळ ऋण आहे. ऋण म्हटले की भाषा बदलते; मग कंटाळा आला म्हणून एक रात्र दिवा न लावण्याची मुभा राहत नाही, आणि लावला म्हणून स्वतःचे कौतुक वाटण्याचेही कारण उरत नाही.

मग पिंजरा उघडून मोकळे करावे का? अहिंसेचा विचार करणाऱ्या मनात हे येतेच. पण ऑस्ट्रेलियाचा, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला हा पक्षी इंदूरच्या किंवा नागपूरच्या आकाशात सोडणे म्हणजे त्याला कावळे, मांजरे आणि उपासमार यांच्या हवाली करणे. त्याने आपल्या मनावरचे ओझे उतरेल, त्याचे नव्हे. देशी पोपटाची गोष्ट वेगळी. गळ्यात कंठी असलेला आपला पोपट पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असा पोपट घरात असेल तर वनविभागाशी बोलावे. पंख कापलेला पक्षी गच्चीवरून उडवून देऊ नये.

कॉकॅटिल मात्र घरातच राहणार, नीट सांभाळला तर 15-20 वर्षे. त्याच्या झोपेविषयी विचार करताना बदकांवरचा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. 1999 साली संशोधकांनी ओळीने झोपलेली बदके पाहिली. मधली बदके दोन्ही डोळे मिटून झोपत. ओळीच्या टोकाला असलेली बदके मात्र बाहेरच्या बाजूचा डोळा पुष्कळदा उघडा ठेवत; मेंदूचा अर्धा भाग झोपलेला आणि अर्धा जागा. म्हणजे मधल्यांची निर्धास्त झोप टोकाच्या पक्ष्यांच्या जागरणावर उभी होती.

एकट्या पिंजऱ्यातला एकटा पक्षी दोन्ही बाजूंनी ओळीचे टोकच असतो. त्याला शेजारी आणून द्यावा, तर त्यासाठी क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारातून आणखी एक जीव विकत घ्यायचा, म्हणजे आणखी एका पिंजऱ्याची मागणी वाढवायची. ज्यांना आपला पक्षी सांभाळणे अशक्य झाले आहे अशा कुटुंबाकडून तो घेणे, हा मार्ग मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. तोवर ओळीतला दुसरा पक्षी आपणच आहोत. रात्री झिरोचा दिवा चालू आहे ना, हे एकदा उठून पाहणारा.