समोर ठेवलेली वस्तू

शाळेबाहेरच्या चित्रकलेच्या वर्गांविषयी अलीकडे जी चर्चा होते, तिचा सारा रोख गुणांवर असतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेतील अ श्रेणीस दहावीच्या निकालात ७, ब श्रेणीस ५ आणि क श्रेणीस ३ गुण मिळतात. तेवढ्यासाठी मुलाची रविवारची सकाळ खर्ची घालावी काय, असा हिशेब भातकुलीसारख्या, अमरावतीच्या वर्गासाठी एस. टी.ची वाट पाहावी लागणाऱ्या गावातही पालक मांडतात. गुणांसाठी कला शिकवणाऱ्यांशी वाद संभवत नाही, कारण त्यांचा प्रश्न कलेचा नाही; व्यक्तिमत्त्वविकासाचे फलक लावणाऱ्यांचाही नाही.

वाद आहे तो सुजाण म्हणवणाऱ्या एका पक्षाशी. मूल जन्मजात कलावंत असते, त्याला कागद आणि रंग देऊन वडीलधाऱ्यांनी दूर व्हावे, वर्ग आणि मास्तर त्याच्या स्वयंस्फूर्तीचा घातच करतात, असे हा पक्ष मोठ्या कळवळ्याने सांगतो आणि साक्षीला व्हिएन्नाचे कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांना उभे करतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिझेक यांनी जे स्थापन केले, तो मुलांचा वर्गच होता, मुले घर सोडूनच तिथे येत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. आपल्या शेजारी सेवाग्रामला १९४४ पासून कलाशिक्षक देवीप्रसादांनी जे काम केले, त्यातही मुलांवरील विश्वास होता तितकाच शिक्षकाचा सहवास होता.

आणि मोकळे सोडलेले मूल घरी काढते तरी काय? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी आणि काठावर नारळाचे झाड! पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील, चैत्रवैशाखात भेगाळणाऱ्या सपाट काळ्या जमिनीवर वाढलेल्या मुलाने हे दृश्य कुठे पाहिले? पाहिले नाही, वहीच्या मुखपृष्ठावरून, मोठ्या भावाच्या कागदावरून ते त्याच्या हातात उतरले. ज्याला हे लोक स्वयंस्फूर्ती म्हणतात, ती बहुधा परक्याची उसनवारी असते, आणि ती ओळखण्याचे सामर्थ्य घरात नसते. कारण घर कौतुक करते, आणि कौतुकाला चित्र पारखण्याची गरजच पडत नाही. घराबाहेरचा मनुष्य, ज्याला त्या मुलाच्या लाडाशी कर्तव्य नाही, तोच विचारू शकतो : हे झाड तू कुठे पाहिलेस?

वर्गांवरील आरोप सर्वस्वी खोटा आहे, असे मात्र मला म्हणायचे नाही. परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी फळ्यावर पोळ्याचे तयार चित्र काढून ते पाठ करून घेणारे मास्तर पुष्कळ आहेत. मग ज्याने घरी मातीचे बैल घडवले, खऱ्या बैलाच्या मानेवरून हात फिरवला, तोही कागदावर फळ्यावरचाच बैल उतरवतो. स्मरणचित्रातून स्मरण हद्दपार होण्याचा हा प्रकार दुःखद आहे. तथापि हा दोष शिकवण्याचा नसून मुलापुढे चित्र ठेवण्याचा आहे. वर्ग दोनच प्रकारचे : एकात मुलासमोर चित्र ठेवतात, दुसऱ्यात वस्तू. शिस्तीचा वर्ग की मोकळा वर्ग, हा भेद माझ्या मते गौण आहे. अत्यंत मोकळ्या वर्गातही भिंतीवरचा नमुना राज्य करू शकतो, आणि अत्यंत कडक मास्तरही अर्धवट उललेले कपाशीचे बोंड टेबलावर ठेवून, त्याची सावली कोणत्या बाजूला पडते एवढेच विचारून, मुलाला त्याच्या स्वतःच्या डोळ्यांच्या स्वाधीन करू शकतो.

म्हणून भातकुलीच्या पालकाने फीची आणि निकालाची चौकशी मागाहून करावी. आधी वर्गाच्या दारात उभे राहून मुलांसमोर काय मांडले आहे ते पाहावे. पुरे झालेले चित्र असेल तर मुलाला परत न्यावे. तांब्या आणि दोन वांगी असतील, तर घरी लावण्याजोगे चित्र लवकर हाती येण्याची अपेक्षा न धरता त्याला निदान दोन वर्षे तिथे बसू द्यावे.