पाण्याच्या काठावरची लज्जा



उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या निफाड परिसरातील मुले गोदावरी, कादवा आणि कालव्यांच्या पाण्याकडे धावतात. अशाच एका जुम्याच्या नमाजनंतर एक गृहस्थ मला म्हणाले, "मौलाना, मुलगी पोहायला शिकायचं म्हणते. मी नाही म्हणालो. बरोबर केलं ना?" मी विचारले, "आणि मुलगा?" "तो तर रोज कालव्यावरच असतो." "कोणत्या कपड्यांत?" ते गप्प झाले. खरे सांगायचे तर मीही गप्प झालो. लज्जेवर मी अनेक बयान केले होते. परंतु ते सारे मुलींच्या पोशाखाविषयीच होते.

जगाचा मापदंड कसा बदलत गेला ते पाहा. अमेरिकेतील काही किनाऱ्यांवर १९३०च्या दशकापर्यंत पुरुषांनाही उघड्या छातीने पोहण्यास मनाई होती. १९३८ साली 'ब्रह्मचारी' या मराठी चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी 'बिकिनी' लोकांसमोर आणली. ज्या बेटांवर चारच दिवसांपूर्वी अणुबाँबची चाचणी झाली होती, त्यांचेच हे नाव. पुढे ऑस्ट्रेलियातील अहेदा झनेटी यांनी अंग झाकणारी 'बुर्किनी' तयार केली, तर २०१६ मध्ये फ्रान्सच्या अनेक किनारी गावांनी तिच्यावर बंदी घातली. अखेर २६ ऑगस्टला तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाला त्यांपैकी एका गावाची बंदी स्थगित करावी लागली. एके काळी कापड कमी म्हणून दंड, नंतर कापड जास्त म्हणून दंड! ज्या मापदंडाला स्वतःचाच ठाव नाही, त्याने श्रद्धावंताने आपली लज्जा का मोजावी?

अल्लाहने सूरह अल्-आराफमध्ये वस्त्राला आपली देणगी म्हटले आहे. ते देह झाकते, त्याला शोभाही देते. मात्र ईशभयाचे वस्त्र त्याहून उत्तम आहे. हे संबोधन आदमच्या सर्व संततीला आहे, केवळ लेकींना नव्हे. सूरह अन्-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी श्रद्धावंत पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतरच्या आयतीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका माणसाला उघड्यावर विवस्त्र स्नान करताना पाहिले, तेव्हा ते मिंबरवर चढले आणि अल्लाहला लज्जा व आच्छादन प्रिय आहे, म्हणून स्नान करणाऱ्याने आडोसा करावा, अशी शिकवण त्यांनी दिली. अबू दाऊदमधील या हदीसमध्ये पाण्यात उतरलेला तो पुरुष होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

पुरुषाने नाभीपासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणे अनिवार्य आहे. भिजल्यावर अंगाला चिकटणारी चड्डी ही अट पूर्ण करत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन परस्त्रियांकडे टक लावून पाहणारा, त्यांची चित्रे मोबाईलमध्ये टिपणारा तरुण घरी येऊन बहिणीच्या ओढणीवर बोलतो, तेव्हा त्याने लज्जेचे अर्धे ओझे तिच्या खांद्यावर टाकून स्वतःची सुटका करून घेतलेली असते. दुसऱ्याच्या पोशाखावर शेरे मारण्याचा परवाना धर्माने कुणालाच दिलेला नाही.

आणि पोहणे? नसाई यांच्या एका रिवायतीत पोहायला शिकणे व्यर्थ खेळांतून वगळले आहे. कालव्यात पाय घसरला तर पाणी मुलगा-मुलगी पाहत नाही. स्त्री-प्रशिक्षक, स्त्रियांसाठी राखीव वेळ आणि सैल, अंग झाकणारा पोशाख असेल, तर लेकीला अडवण्याचे कारण उरत नाही. अशी सोय नसेल, तर ती उभी करणे हे आपले, जमातीचे काम आहे. सोय नाही ही सबब पुढे करून तिला बुडण्याच्या भयात ठेवणे म्हणजे लज्जेचे रक्षण नव्हे.

त्या गृहस्थांनी आधी मुलासाठी गुडघ्याखाली येणारी सैल विजार आणली. मुलगा आठवडाभर रुसला. मग ते मुलीसाठी महिलांचा वर्ग शोधायला नाशिकला गेले. वाचकहो, या उन्हाळ्यात आपणही याच क्रमाने सुरुवात करू या.

अल्लाह आपल्या नजरांना, वस्त्रांना आणि अंतःकरणांना लज्जेचे सौंदर्य देवो आणि आपल्या लेकरांना पाण्याच्या संकटापासून सुरक्षित ठेवो. आमीन.