वळसा घालून जायचं कुठे?

सकाळी पावणेनऊला पाम बीच मार्ग ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो. वाशी ते बेलापूर, खाडीच्या कडेनं जाणारा जेमतेम दहा किलोमीटरचा हा रस्ता. वस्तीत न शिरता भरधाव निघून जाता यावं, हीच त्याची खुबी. मग नेरूळच्या बाजूला टॉवर उभे राहिले, त्यांच्या गाड्या याच रस्त्यावर उतरू लागल्या आणि बाहेरचा रस्ता आतला झाला.

म्हणून रिंगरोडनं कोंडी फुटेल असं कुणी म्हणालं की मला हा रस्ता आठवतो. लंडनभोवतीचा एम-२५ १९८६ साली पुरा झाला आणि थोड्याच वर्षांत तो रुंद करायची वेळ आली. अमेरिकी शहरांचा अभ्यास करून ड्युरँटन आणि टर्नर यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की रस्ते जेवढे वाढतात, जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांची धावही वाढते.

आपल्याकडे मात्र याहून खोलवरचा विचार साठ वर्षांपूर्वीच झाला होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलं, की रोज सकाळी अख्खी मुंबई दक्षिणेच्या टोकाकडे धावते, तेव्हा खाडीपलीकडे दुसरं केंद्र उभारा. रस्ता वळवण्याऐवजी मुक्कामाचं ठिकाणच हलवा. हे दुसरं केंद्र, म्हणजे नवी मुंबई, उभारायला १९७० मध्ये सिडको आली. मशीद बंदरचा कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार तुर्भ्याला आला, तेव्हा नाशिकहून निघालेल्या ट्रकला दक्षिण मुंबईत शिरायचं कारणच उरलं नाही. एवढं काम कुठल्या वळणरस्त्यानं केलं असतं?

पण मंत्रालय हललं नाही. नरिमन पॉइंटला भराव घालून कचेऱ्या वाढतच गेल्या. अर्धी योजना तिथेच लंगडी पडली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आता विरार-अलिबाग कॉरिडॉर येतो आहे, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तो हवाच. उरणच्या बंदरातून निघालेले कंटेनरचे ट्रेलर ठाण्या-भिवंडीकडे आपल्या दारावरून कशाला जावेत? मात्र त्याच्या दोन्ही अंगांना कशाला परवानगी मिळणार, हे आजच ठरवून नकाशावर उतरायला हवं. नुसती घरं बांधली, तर दुसरा पाम बीच तयार होईल.

रात्री आठला सीएसएमटीची लोकल नेरूळला येते. तासभर उभ्यानं आलेली माणसं जिना उतरतात, रिक्षाच्या रांगेत लागतात. उद्या सकाळी पुन्हा तीच गाडी.