वर्गाबाहेरचे मूल

अनेक जातककथा वाराणशीच्या ब्रह्मदत्त राजाचे नाव घेऊन सुरू होतात. त्यांपैकी तिलमुट्ठि जातकात हा ब्रह्मदत्त अजून राजपुत्र आहे आणि विद्येसाठी तक्षशिलेस गेला आहे. आचार्यांबरोबर स्नानाला जाताना एका म्हातारीने वाळत घातलेल्या तिळांतून तो मूठभर तीळ उचलून खातो. असे तीन वेळा घडते. तिसऱ्या वेळी म्हातारी आकांत करते, तेव्हा आचार्य दोन शिष्यांकरवी त्याला धरवून पाठीवर तीन फटके मारतात. राजपुत्र डूख धरतो आणि राजा झाल्यावर सूड घेण्याच्या इराद्याने गुरूंना वाराणशीस बोलावून घेतो. गुरू शांतपणे सांगतात, की त्या दिवशी तुला आवरले नसते तर तू आज राजा नव्हे, चोर झाला असतास. राजाला ते पटते.

कथा उघडच छडीचे समर्थन करते आणि आजच्या वाचकाला ती खटकते, हे योग्यच आहे. तथापि तिच्यातील एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. आचार्यांनी शिष्याला मारले. पण त्याला काढून टाकले नाही. तो तेथेच राहिला, विद्या पुरी करूनच वाराणशीला परतला. आता आपल्या काळातील बालवाडी डोळ्यांसमोर आणावी, मग ती वाराणशीच्या गल्लीतील असो की पुण्याच्या उपनगरातील. तेथे छडी नसेल, आवाजही चढत नसेल. मात्र चार वर्षांचे एखादे मूल चावते, ढकलते, रांगेत उभे राहत नाही, दुसऱ्याच्या डब्यावर झडप घालते, आणि एक दिवस त्याच्या आईला सौजन्याने सांगितले जाते: ‘थोडा मोठा होऊ द्या, मग आणा.’ नाव काढले अशी नोंद सहसा होत नाही. मूल यायचे थांबते, इतकेच. मारणारा पण सांभाळून घेणारा गुरू आणि न मारणारी पण सोडून देणारी शाळा, यांत अधिक माणुसकी कोणाची, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

शिक्षेला अर्थ यायचा तर ज्याला ती दिली जाते त्याला आपले कृत्य आणि त्याचे फळ यांचा सांधा जुळवता आला पाहिजे. राजपुत्र सोळा वर्षांचा होता. चार वर्षांच्या मुलाला ‘मी चावलो म्हणून आता शाळा नाही’ हे वाक्य शब्दशः कळेल कदाचित. पण सोमवारी चावण्याचा आणि शुक्रवारनंतर घरी बसण्याचा संबंध त्याच्या मनात उभा राहत नाही. त्याला एवढेच कळते, की एक दार होते आणि ते आता उघडत नाही. आपल्या फौजदारी कायद्याने हे ओळखले आहे. १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले नव्हते, आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेनेही ते सूत्र तसेच ठेवले. ज्याला न्यायालय अपराधी म्हणू शकत नाही, त्याला बालवाडी मात्र आपल्याजवळची सर्वांत मोठी शिक्षा देऊन मोकळी होते.

शिक्षणाचा कायदा येथे मदतीला येईल असे वाटते, पण येत नाही. राज्यघटनेच्या मूळ पंचेचाळिसाव्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांचा उल्लेख होता. खालची मर्यादा नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, पण सहा ते चौदा वयासाठी. सहा वर्षांखालील बालकांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच राहिले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास आणि शारीरिक शिक्षेस मनाई केली, तीही त्याच वयोगटासाठी. गंमत अशी, की वंचित घरांतील मुलांच्या राखीव प्रवेशापुरता हा कायदा पूर्वप्राथमिक वर्गांची दखल घेतो. आत येण्याची तरतूद आहे, आत टिकण्याची नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते सहा ही वर्षे शालेय रचनेत धरली खरी. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

आता दुसरी बाजू. ज्याच्या दंडावर दातांचे व्रण उमटले आहेत, ते मूलही चारच वर्षांचे आहे, आणि त्याच्या आईचा संताप खोटा नाही. एका खोलीत तीस-चाळीस मुले सांभाळणाऱ्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईंना ‘प्रेमाने घ्या’ असा उपदेश करणे हा निव्वळ उद्धटपणा होईल. चावलेल्या मुलाला संरक्षण मिळालेच पाहिजे. त्यात तडजोड नाही. मात्र चावणाऱ्याला घालवणे हाच त्या संरक्षणाचा मार्ग आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. भार कोणीतरी उचलायचाच आहे. तो कोणी उचलावा, एवढाच प्रश्न उरतो.

वाराणशीतच पाहावे. मदनपुऱ्यासारख्या विणकरांच्या वस्तीत पुरुष मागावर बसतो आणि नरी भरण्यासारखी कामे घरातील स्त्रिया करतात. मूल परत आले की आईचा हात थांबतो. तो थांबवणे परवडत नसेल तर आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीला धाकट्यापाशी बसवले जाते. म्हणजे जिचा शिक्षणाचा हक्क घटनेने मान्य केला आहे, तिची शाळा, ज्याचा केलेला नाही त्याच्यामुळे बुडते. शाळेने उतरवलेले ओझे नाहीसे झालेले नसते. ते गल्लीतील सर्वांत अशक्त खांद्यावर गेलेले असते.

हा केवळ आपल्याकडचा दोष नाही. अमेरिकेत वॉल्टर गिलियम यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तेथील सरकारी साहाय्यावरील बालवर्गांतून मुले काढून टाकण्याचे प्रमाण बालवाडीपुढच्या शालेय वर्गांच्या तिपटीहून अधिक आढळले. ज्या शिक्षिकांना वर्गात येऊन सल्ला देणारा मानसशास्त्राचा जाणकार उपलब्ध होता, तेथे ते कमी होते. मूल सर्वत्र तेच, चावणेही तेच. शिक्षिका एकटी आहे की नाही यावर मुलाचे भवितव्य ठरत होते. याच संशोधकाने २०१६ साली शिक्षकांना काही चित्रफिती दाखवून त्यांत खोड्या कोठे होतात ते टिपायला सांगितले. चित्रफितींत खोडी एकही नव्हती. पाहणाऱ्यांची नजर मात्र कृष्णवर्णीय मुलग्यांवर अधिक खिळली. आपल्या वर्गांत आपली नजर कोणत्या आडनावावर खिळते, हे आपण अजून मोजायचे आहे.

पुष्कळदा जे वर्तन म्हणून टिपले जाते ती भाषेची अडचण असते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातील मूल असो की घरी भोजपुरी बोलणारे नावाड्याचे मूल असो, शाळेच्या खडी बोलीत किंवा इंग्रजीत त्याला ‘माझी पाळी आहे’ म्हणता येत नाही. शब्द नसला की हात पुढे होतो. राजघाटच्या शाळेशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या कृष्णमूर्तींनी शिक्षणातून भय काढून टाकण्याचा आग्रह जन्मभर धरला. तो मोलाचा आहे. पण भय नाही म्हणून शब्द आपोआप येत नाहीत. ते कोणीतरी शेजारी बसून, रोज, पुनःपुन्हा द्यावे लागतात.

हे काम कसे करावे याचा धडा मराठी वाचकाला परका नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते १९५७ मध्ये कोसबाडला नेले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात गेली. बिया, शिंपले, पाने हेच साहित्य झाले. रांगेत न बसणारे मूल त्या अंगणात अपराधी ठरण्याचे कारणच नव्हते, कारण तेथे रांग नव्हती. ताराबाईंनी मुलाला बदलण्याआधी जागा बदलून पाहिली, हे मला त्यांच्या सगळ्या कार्यातले सर्वांत मोठे नैतिक धाडस वाटते. त्यांच्या पद्मभूषणाच्या उल्लेखात ते कोठे येत नाही.

अंगण प्रत्येक गल्लीत नाही, हे मान्य. तरीही खोलीच्या एका कोपऱ्यात चटई टाकता येते, जेथे चिडलेले मूल शिक्षा म्हणून नव्हे तर निवांत होण्यासाठी बसेल, आणि बाई दिसत राहतील. दिवसाचा क्रम रोज एकच ठेवता येतो. मूल कधी चावले याची नोंद वहीत करता येते: डब्याच्या आधी की नंतर, कोणाजवळ, किती वाजता. महिनाभराने ती वही वाचली, की ‘नेहमीच चावतो’ हे विधान बहुधा टिकत नाही. तो अकराच्या सुमारास, भुकेच्या वेळी, गर्दीत चावतो असे निघते. मग डबा साडेदहाला उघडता येतो. दोन वर्गांमागे एक जास्तीची बाई नेमणे याहून महाग आहे, आणि ती नेमल्याशिवाय यांतले फारसे काही साधणार नाही. तिचा पगार कोण देणार, हे विचारल्यावर सभांतून जी शांतता पसरते तीत या प्रश्नाची खरी अडचण दडलेली आहे. तोवर चावणाऱ्या मुलाची आई दप्तर हातात घेऊन दाराशी उभी असते.